जुने घर पाडायचे की सांभाळायचे? जेसीबी बोलावण्याआधी वर्षाचा हिशेब मांडा

लातूर, औसा, निलंगा, लोहारा, उमरगा : सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली सोयाबीन तर नेलीच, सोबत हजारो घरांच्या भिंतीही खिळखिळ्या केल्या. कुठे माळवद बसले, कुठे मागची भिंत रात्रीतून खचली. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारने 31 हजार 628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, पंचनामे झाले. तेव्हापासून गावोगाव पारावर एकच चर्चा ऐकू येते, "आता दुरुस्ती करायची, का पाडून एकदाचं नवंच बांधायचं?"

बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते. जेसीबी तासावर मिळतो, दोन-तीन तासांत पंजोबाने बांधलेले घर जमीनदोस्त होते आणि आठवड्यात कॉलमचे खड्डे मारले जातात. काही घरांसाठी हाच निर्णय बरोबर असतो. पण पुष्कळ घरांत तो घाईत, फक्त अनुदानाकडे बघून घेतला जातो आणि पुढची दहा-पंधरा वर्षे त्याचे हप्ते फिटत नाहीत. जुन्या आणि नव्या घराची लांब पल्ल्याची किंमत नीट मांडली तर चित्र बरेच वेगळे दिसते.

पडलेल्या घराला लाख, वाचलेल्याला काही हजार

आधी सरकारी मदतीचे गणित बघू. आपत्ती निवारण निधीच्या निकषांप्रमाणे सपाट भागात घर पूर्ण पडले किंवा मोठ्या प्रमाणात मोडले तर 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. घराचे किमान 15 टक्के नुकसान झाले, पण घर उभे आहे, अशा वेळी पक्क्या घराला 6 हजार 500 आणि कच्च्या घराला 4 हजार रुपये. म्हणजे भिंत अर्धी पडली तर गवंड्याची थोडी मजुरी सुटते, घर पुरते पडले तर लाखाच्या वर.

प्रधानमंत्री आवास योजनेची (ग्रामीण) दिशाही तीच. ती योजना कच्च्या घराच्या जागी पक्के घर बांधण्यासाठी आहे. आधीच्या इंदिरा आवास योजनेत कच्चे घर सुधारून घेण्यासाठीही काही तरतूद होती. आताच्या योजनेचा सगळा भर नव्या बांधकामावर आहे. दगडाच्या भिंतीला मजबुती द्यायला, माळवदाची माती हलकी करायला, कुजलेली तुळई बदलायला पैसे हवे असतील, तर ते कुटुंबाने स्वतःच बघायचे.

याचा परिणाम सरळ आहे. ज्याचे घर थोडक्या दुरुस्तीत आणखी वीस वर्षे चालले असते, त्यालाही ते पडू देणे किंवा पाडणे फायद्याचे वाटते. यात माणसाची चूक नाही. सरकारी पैसा ज्या बाजूला वाहतो, माणूस त्याच बाजूला जातो. मात्र अनुदानाचा हिशेब एका वर्षाचा असतो आणि घराचा हिशेब दोन पिढ्यांचा.

किल्लारीची भीती, आणि तिचा अर्धाच धडा

आपल्या भागात जुन्या घराविषयी बोलताना 30 सप्टेंबर 1993 ची पहाट विसरून चालत नाही. गणेश विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर परिसर हादरला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. पुढे 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. तेव्हापासून "दगड-मातीचं घर म्हणजे मरण" ही भीती या पट्ट्यात घर करून बसली. ती खोटी नाही.

पण घरे का पडली, हे तपासले गेले तेव्हा दोष दगडाचा कमी आणि बांधण्याच्या पद्धतीचा जास्त निघाला. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती बाहेरून एकसंध दिसायच्या. आत त्या दोन वेगळ्या पाखांच्या होत्या, मध्ये माती आणि दगडाचे तुकडे भरलेले. दोन्ही पाख्यांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड कुठेच नव्हता. हादरा बसताच पाखे सुटले. वरून माळवदाचे ओझे. दरवर्षी पावसाआधी नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, अशा रिवाजाने अनेक घरांवर मातीचे थर चढत गेले होते.

दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. भिंती ढासळल्या तरी खणाचा लाकडी सांगाडा, म्हणजे खांब आणि तुळया, बऱ्याच ठिकाणी उभा राहिला होता. जिथे लाकूड चांगले होते आणि सांधे घट्ट होते, तिथे छप्पर खांबांवर तोलून राहिले. मारले ते भिंतीच्या दगडांनी.

म्हणून तज्ज्ञांनी तेव्हा दुरुस्तीची पद्धतही सांगितली होती. माळवदावरची जादा माती उतरवून थर साधारण वीतभरावर आणायचा. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार छिद्रे पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरून दोन्ही पाखे बांधायचे. खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरके टेके द्यायचे. भिंतीच्या वरच्या भागाला चारही बाजूंनी जाळीचा आणि सिमेंटचा पट्टा मारायचा. भूकंपानंतर ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तिथे घर मजबूत करण्यासाठी मदतही देण्यात आली. मात्र अनेक कुटुंबांनी त्या पैशात शेजारी एक नवी खोली बांधली आणि जुने घर होते तसेच राहिले. आज त्यातल्या कित्येक घरांत माणसे राहतात, आणि प्रत्येक मोठ्या पावसात जीव मुठीत धरून राहतात.

आणखी एक. 1993 पर्यंत हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होता. 2002 च्या नकाशात तो झोन 3 मध्ये आला. म्हणजे जुने घर असो वा नवे, भूकंपाचा विचार करूनच ते उभे राहायला हवे.

स्लॅब पडला म्हणजे घर पक्के झाले?

इथे नव्या घराकडे वळावे लागते. गावात "पक्कं घर" म्हणजे स्लॅबचे घर, हे समीकरण बसले आहे. आवास योजनेच्या नियमात मात्र पक्क्या घराची व्याख्या वेगळी आहे. साधारण देखभालीत, ऊन-पाऊस आणि रोजचा वापर सोसून किमान 30 वर्षे टिकेल ते पक्के घर. योजनेत स्थानिक साहित्याच्या घरांनाही जागा आहे. व्याख्या टिकण्याची आहे, स्लॅबची नाही.

आणि आरसीसीचे घर 30 वर्षे टिकते ते नियमाने बांधले तरच. स्लॅब आणि कॉलमसाठी किमान एम 20 दर्जाचे काँक्रीट लागते. साध्या मापात एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. 50 किलोच्या एका पोत्याला पाणी साधारण 30 लिटरच्या आत, आणि त्यात ओल्या वाळूतले पाणीही मोजायचे. गावात काय होते? माल सरकावा म्हणून पाइप सोडला जातो. काँक्रीट पातळ होते, हाताला सोपे जाते आणि ताकद तिथेच निम्मी होते.

सळईवर काँक्रीटचे आवरण स्लॅबला निदान 20 मिलिमीटर आणि कॉलमला 40 मिलिमीटर हवे. अनेक स्लॅबमध्ये सळई थेट फळीवर टेकलेली असते. पाच-सात वर्षांत खालून गिलावा फुगतो, पोपडे पडतात, गंजलेली सळई उघडी दिसते. बोअरचे खारे पाणी वापरले असेल तर गंज आणखी लवकर चढतो.

क्युरिंगचेही तसेच. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि राखमिश्रित (पीपीसी) सिमेंटला, त्यातही आपल्या कोरड्या उन्हाळ्यात, 10 ते 14 दिवस पाणी मारत राहावे लागते. एप्रिल-मे महिन्यात प्यायलाच टँकरचे पाणी असेल, तर स्लॅबवर आळे करून पाणी कोण धरणार? टंचाईच्या गावात पाण्याची सोय न बघता भर उन्हाळ्यात टाकलेला स्लॅब पहिल्याच दिवसापासून कमजोर असतो.

पुढच्या मजल्यासाठी वर काढून ठेवलेल्या सळ्यांचे काय? मुलगा कमावता होईल तेव्हा वरचा मजला चढवू, म्हणून त्या तशाच राहतात. दहा वर्षे पावसात भिजलेली ती सळई वरचा मजला पेलायच्या लायकीची राहत नाही, उलट गंज खाली कॉलममध्ये उतरतो.

हे सगळे स्लॅबच्या घराला नावे ठेवण्यासाठी नाही. नीट बांधलेले, पट्टे घेतलेले, चांगले पाणी मारलेले नवे घर भूकंपात मातीच्या कमजोर घरापेक्षा कितीतरी सुरक्षित असते. पण कामचुकार बांधलेले नवे घर जुन्या घराइतकेच धोक्याचे असते, आणि त्यावर कर्जही असते.

पांढरी सोडून काळीवर

आपल्या पूर्वजांनी गाव कुठे वसवायचे हे बघून ठरवले होते. गावठाण म्हणजे पांढरी आणि शेत म्हणजे काळी. पांढरीची माती पाण्याने फारशी फुगत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटून वीत-वीत भेगा टाकते. शेताला ती सोने आहे, घराच्या पायाला शाप.

आज जुने घर सोडून नवे घर बांधणारे पुष्कळ लोक गावठाणाबाहेर, रस्त्याकडेला, काळ्या रानात जातात. कारणे खरी आहेत. गावठाणातल्या बोळात ट्रॅक्टर जात नाही, गाडी लावायला जागा नाही, सांडपाण्याला वाट नाही. पण पाया मात्र पांढरीवरच्या सवयीने दोन-अडीच फुटांवरच थांबवला जातो. पहिल्या दोन पावसाळ्यांनी जमीन वर-खाली होते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या भेगा निघतात. मिस्त्री म्हणतो, "गिलावा तडकला." तडकलेला असतो पाया.

काळ्या रानात बांधायचे तर काळी माती पूर्ण काढून खाली मुरूम लागेपर्यंत पाया न्यावा लागतो. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरच्या सल्ल्याने वेगळ्या पद्धतीचा पाया घ्यावा लागतो. जोत्यात भराव मुरमाचाच, काळ्या मातीचा नाही. कॉलम खालून बीमने एकमेकांना बांधलेले हवेत. घराभोवती पाणी मुरू नये म्हणून तीन-चार फुटांचा उताराचा कोबा हवा. हा खर्च मिस्त्रीच्या चौरस फुटाच्या दरात बहुतेक वेळा धरलेला नसतो. जुने घर पाडून त्याच पांढरीवर नवे बांधणारा आणि काळीवर जाणारा, दोघांचा दर सारखा दिसतो, पण दोघांचे खर्च सारखे नसतात.

शेतातल्या जागेला कागदाचाही प्रश्न येतो. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला राहण्याच्या वापरासाठी महसूल संहितेच्या कलम 42-ड ची सवलत आहे, तरी आकारणी भरून तहसीलची नोंद घ्यावी लागते. त्यापलीकडे गुंठ्या-गुंठ्याने घेतलेल्या जागेला 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो. अलीकडच्या सवलती प्रत्येक गुंठ्याला आपोआप लागू होतील असे धरून चालू नये. ज्या घराखालची जागा स्वतःच्या नावावर नाही, त्या घराला कितीही टाइल्स लावल्या तरी बँकेच्या लेखी किंमत नाही.

एका वर्षाला किती पडते?

आता पैशाचा हिशेब. आवास योजनेचे घर किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे साधारण 269 चौरस फुटांचे. समजा गावात साहित्य आणि मजुरी धरून चौरस फुटाला 1 हजार 500 रुपये दर आहे. (आपल्या गावचा दर वेगळा असेल तर तो टाकून बघावा.) घराचा खर्च झाला 4 लाख 3 हजार 500 रुपये.

मिळणार किती? योजनेचे 1 लाख 20 हजार. राज्याने टप्पा दोनसाठी दिलेल्या 50 हजारांच्या वाढीतले बांधकामाचे 35 हजार. उरलेले 15 हजार सौर पॅनेलसाठी आहेत. शौचालयाचे 12 हजार. रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, 2025-26 च्या 312 रुपये दराने 28 हजार 80. सगळे मिळाले असे धरले तरी बेरीज 1 लाख 95 हजार 80 रुपये. घरकुलासाठी 5 ब्रासपर्यंत मोफत वाळू आहे, पण ती वेळेत मिळाली तर. आणि वाहतूक अंगावर येऊ शकते. खिशातून उरतात साधारण 2 लाख 8 हजार रुपये.

हे दोन लाख बँकेतून दहा टक्क्यांनी आणले तर पहिल्या वर्षाचे व्याज 20 हजारांच्या घरात. शेकडा तीन महिन्याने सावकाराकडून आणले तर महिन्याला 6 हजार आणि वर्षाला 72 हजार नुसते व्याज. एका हंगामाची सोयाबीन हातची गेली की हे घर पोटाला चिमटा घेऊ लागते. सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा. पण व्याजाच्या पुढे ती बचत फार टिकत नाही.

आता हाच खर्च वर्षांत वाटून बघा. 4 लाख 3 हजार 500 चे घर 30 वर्षे चालले तर वर्षाला 13 हजार 450 रुपये पडतात. व्याज आणि देखभाल वेगळी. जुन्या घराच्या दुरुस्तीला समजा 1 लाख लागले आणि घर आणखी 15 वर्षे चालले, तर वर्षाला 6 हजार 667. इथे दुरुस्ती स्वस्त. पण तोच लाख घालून घर पाचच वर्षे चालणार असेल, तर वर्षाला 20 हजार. इथे नवे घर स्वस्त.

सगळा निर्णय या एका प्रश्नावर येतो. दुरुस्तीचा रुपया किती वर्षे विकत घेतो? गवंड्याला "किती लागतील?" हे सगळेच विचारतात. "आणि मग किती वर्षे बघायला नको?" हेही विचारले पाहिजे.

या हिशेबात न दिसणाऱ्याही गोष्टी आहेत, दोन्ही बाजूंनी. जाड भिंतीचे घर मे महिन्यात दुपारी थंड राहते. पाच-सहा इंची भिंती आणि उघडा स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकतो, मग कूलर आणि विजेचे बिल. दुसरीकडे, जुन्या घराचे सारवण, पोतेरे, गळती, भिंतीच्या फटीतले विंचू हे सगळे घरातल्या बायकांच्या वाट्याला येते. "घर थंड आहे" असे पुरुषाने म्हणणे सोपे आहे. सारवणारी बाई वेगळे सांगेल. जुने घर ठेवायचे तर फरशी, मोरी, संडास, उजेडाची खिडकी या सोयी करण्याचा खर्च दुरुस्तीतच धरला पाहिजे. तो न धरता केलेली तुलना खोटी.

किंमत भिंतीची की जागेची?

"नवं घर बांधलं की मालमत्तेची किंमत वाढते," असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. ग्रामपंचायतीची घरपट्टी आता भांडवली मूल्यावर आकारली जाते. त्यात जागेची किंमत वेगळी आणि बांधकामाची वेगळी. बांधकामाला वयाप्रमाणे घसारा लागतो, जागेला लागत नाही. आज चार लाखांचा दिसणारा स्लॅब दरवर्षी उतरत जातो. वीस वर्षांनी विकायला काढलात तर गिऱ्हाईक आधी जागा बघेल, मग रस्ता, मग कागद, आणि शेवटी भिंती.

म्हणून लांब पल्ल्याच्या किमतीत कागद हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त देणारा खर्च आहे. पुष्कळ लोक नमुना 8 लाच मालकीचा पुरावा समजतात. तो करआकारणीचा उतारा आहे. 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळते. 18 जानेवारी 2025 ला देशभरात एकाच दिवशी 65 लाखांवर पत्रके वाटली गेली. आपल्या गावाची मोजणी झाली का, पत्रकावर क्षेत्र बरोबर आले का, नाव कोणाचे लागले, हे भूमी अभिलेख कार्यालयात बघणे पाडापाडीच्या आधीचे काम आहे.

जुन्या वाड्यांचे खरे दुखणे तर इथेच आहे. आजोबांचे नाव, खाली सहा-सात वारस, दोन पुण्याला, एक मुंबईला. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही मुलांइतकाच हक्क. माळवद गळते, पण "माझा एक खण, मी का खर्च करू?" म्हणत कोणीच हात घालत नाही. घर माणसांच्या भांडणात पडते, पावसाचे फक्त नाव होते. आधी वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र, मग गवंडी. हा क्रम उलटा झाला की अर्ध्या स्लॅबवर मनाई हुकूम येतो.

सामाईक भिंतीचेही ध्यानात ठेवावे. गावठाणात एका भिंतीवर दोन घरांची नाटे टेकलेली असतात. एकाने जेसीबी लावला की दुसऱ्याचे घर उघडे पडते. शेजाऱ्याची लेखी संमती, पाडण्याआधीचे चारही बाजूंचे फोटो आणि हद्दीच्या खुणा, एवढे केले तरी कोर्टाच्या कितीतरी फेऱ्या वाचतात. नव्या बांधकामाला ग्रामपंचायतीची परवानगी लागतेच.

पाडणाऱ्याने आणखी एक बघावे. जुन्या घरातले सागवानी खांब, तुळया, दारे, घडीव दगड हे सगळे "मोडीत" म्हणून काढणाऱ्याच्या हवाली केले जाते. पाडायचेच असेल तर जेसीबीच्या आधी माणसे लावून लाकूड आणि चिरे सुटे करावेत, मोजावेत, दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. तेच चिरे जोत्याला आणि तेच दार नव्या घराला चालते.

कधी पाडावे, कधी सांभाळावे

पाडण्याकडे झुकणारी लक्षणे अशी. भिंतीला पोट आले आहे आणि ते वाढते आहे. दोन भिंतींचा कोपरा वरून सुटून त्यात हात जातो. तुळईला पेचकस टोचला की इंचभर आत जातो, म्हणजे वाळवीने किंवा कुजून ती आतून गेली आहे. जोत्यात उंदरांनी बिळे करून पाया पोकळ केला आहे. यातली दोन-तीन एकत्र दिसली तर पावसाळ्यात त्या घरात झोपूच नये. माणसाच्या जिवापुढे सागवानाची किंमत नाही.

सांभाळण्याकडे झुकणारी लक्षणे अशी. भिंत ओळंब्यात आहे. खांब आणि तुळया ठणठणीत आहेत. गळती आहे, पण ती माळवदाच्या उतारामुळे किंवा पन्हाळ तुंबल्यामुळे. भेगा आहेत, पण जुन्या आहेत, वाढत नाहीत. भेगेवर चुन्याची किंवा सिमेंटची पातळ चिप लावून तारीख टाकावी आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. चिप तडकली तर भेग जिवंत आहे, नाही तडकली तर भिंत बसली आहे.

दुरुस्तीतही एक चूक सर्रास होते. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा मारला जातो. भिंत चकचकीत दिसते, पण आतला ओलावा बाहेर पडायची वाट बंद होते. दोन-तीन वर्षांत गिलावा फुगून मातीसकट सुटतो. अशा भिंतीला चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा योग्य. माळवदावर नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवावी. काही जण माती पूर्ण काढून त्याच लाकडी सांगाड्यावर पत्रा घेतात; ओझे एकदम कमी होते, मात्र पत्रा वाऱ्याने उडू नये इतका पक्का बांधला पाहिजे आणि खाली उन्हाची झळ लागू नये याची सोय हवी.

आणि मधला रस्ताही आहे. पुढची ढाळज आणि चांगले दोन खण ठेवायचे, मागचा खचलेला भाग उतरवून तिथे संडास-मोरीसह दोन नव्या खोल्या घ्यायच्या. मात्र नवी भिंत जुन्या भिंतीत घुसवू नये. दोन्हींत बोटभर सांधा ठेवावा, कारण हादऱ्यात दोन्ही वेगवेगळ्या हलतात.

ग्रामसभेच्या हातात काय आहे?

भूकंपानंतरच्या पुनर्वसनात जमिनीच्या मालकीप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे दिली गेली. ती घरे आता तिशी ओलांडत आहेत, म्हणजे 30 वर्षांची पक्क्या घराची व्याख्या त्यांनी भरत आणली. त्यांच्या स्लॅबची आणि सळयांची तपासणी हा आजचा प्रश्न आहे, आणि जुन्या दगडी घरांइतकाच निकडीचा. "पुनर्वसनाचं घर, त्याला काय होतंय" या भरवशावर राहणे धोक्याचे.

दुरुस्तीला अनुदान मिळावे हा ठराव ग्रामसभा करू शकते, आणि तो पंचायत समिती व जिल्हा परिषदेकडे गेला तर निदान मागणी नोंदली जाते. आवास योजनेत ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाची सोय आहे. आपल्या गावचे गवंडी त्यात जावेत आणि तिथे जुनी भिंत मजबूत करण्याचे कामही शिकवले जावे, अशी मागणीही रास्त आहे. कारण आज स्लॅब टाकणारे गावागावात आहेत, पण माळवद नीट उतरवणारा गवंडी शोधावा लागतो. ते हात गेले की निवडच उरणार नाही.

तोवर प्रत्येक घराने आपले काम करून ठेवावे. पाऊस उघडून जमीन वाळली की भिंती, लाकूड आणि माळवद बघून घ्यावे. मालमत्ता पत्रक काढावे. भाऊ-बहिणींना बसवून वाटणी कागदावर आणावी. नव्याचा आणि दुरुस्तीचा, दोन्ही अंदाज वेगवेगळ्या दोन गवंड्यांकडून लिहून घ्यावेत आणि त्याखाली वर्षांचा आकडाही लिहायला लावावा. एवढे झाले की मग जेसीबीचा तास ठरवावा, किंवा माळवदावरची जादा माती उतरवायला चार माणसे सांगावीत. दोन्हींपैकी काहीही करायचे, ते मृगाच्या आत.